ग्लेशियर बेचा बेत

सुलेखा खांबेटे कार्ल्सरूहेला आली ती सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, पण नवऱ्याबरोबर संसार असा झालाच नव्हता. लग्नानंतर दोन महिन्यांतच श्रीरंग डॉक्टरेटसाठी जर्मनीला निघून गेला होता आणि ती पुण्याला सासरी राहून त्याच्या आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकत होती. भूगोल घेऊन बी.ए. झालेली, वर्गात पहिली आलेली मुलगी. पण सासरी त्या पहिल्या नंबराची आठवण फक्त पाहुणे आल्यावरच व्हायची.

कार्ल्सरूहेत त्यांना वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण फ्राऊ झाउटर खालीच राहायच्या. युद्धात गेलेला नवरा रशियातून परत आला नव्हता, मूलबाळ नव्हतं. बाई करड्या शिस्तीच्या, पण सुलेखाशी त्यांचं पहिल्या हिवाळ्यातच जमलं. श्रीरंग सकाळी सायकलवर टांग मारून इन्स्टिट्यूटला जायचा. त्याचा विषय समुद्राच्या लाटांचा: बंदराच्या भिंतीवर लाट आदळते तेव्हा तिचा जोर किती, ती भिंतीवर किती चढते. इन्स्टिट्यूटमध्ये लांबलचक काचेचा हौद होता आणि त्यात तो दिवसभर लाटा उठवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो धापा टाकत जिना चढून आला. हातात वर्तमानपत्र.

"सुलेखा, हे बघ! अलास्कात डोंगराचा कडा कोसळून खाडीत पडला. लाट किती उसळली असेल, सांग बरं?"

"शंभर फूट?"

"सतराशे! समोरच्या डोंगरावरची झाडं सतराशे फुटांपर्यंत सोलून काढली तिने. आमचे प्रोफेसर म्हणतात, छापायची चूक आहे. मी म्हटलं, नाही, होऊ शकतं!"

त्या रात्री जेवण तसंच राहिलं. खाडीत तीन बोटी होत्या. एकीतलं जोडपं लाटेच्या माथ्यावरून पलीकडे फेकलं जाऊन वाचलं होतं, दुसरीतलं जोडपं बोटीसकट नाहीसं झालं होतं. सुलेखाने भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा खाली उतरवला आणि दोघं जमिनीवर पालथे पडून ती खाडी शोधू लागले. नकाशा लहान होता, खाडी सापडली नाही. श्रीरंगने अंदाजाने बोट ठेवलं.

"इथे कुठेतरी. एकदा प्रत्यक्ष बघायला पाहिजे. डॉक्टरेट होऊ दे, आपण दोघं जाऊ."

"खरंच?"

"खरंच म्हणजे काय! तुझ्या भूगोलाचा काहीतरी उपयोग व्हायला नको?"

तो हे हसत म्हणाला. सुलेखाने मात्र ते मनावर घेतलं.

शहरात अमेरिकन लोकांनी चालवलेलं एक वाचनालय होतं. तिथे तिला समजलं की ती खाडी एका अफाट राखीव प्रदेशाच्या कडेला आहे आणि त्या प्रदेशाचं काळीज म्हणजे ग्लेशियर बे. दोनशे वर्षांपूर्वी तो सगळा उपसागर बर्फाने बुजलेला होता. मग बर्फ मागे हटत गेला, मैलच्या मैल, आणि उघड्या पडलेल्या खडकावर आधी शेवाळ, मग झुडपं, मग देवदारासारखी झाडं उभी राहिली. उपसागराच्या तोंडाशी दाट जंगल आणि आत आत जावं तसं झाडं लहान होत होत शेवटी नुसता दगड, आणि दगडापलीकडे समुद्रात उतरलेली बर्फाची भिंत. कॉलेजात हिमनदीवर दीड पान शिकवलं होतं, तेही आल्प्सचं. सुलेखा तिथल्या मासिकातल्या रंगीत फोटोंवर वाकून बसली ती वाचनालय बंद होईपर्यंत.

तिने त्या राखीव प्रदेशाच्या कचेरीला इंग्रजीत पत्र घातलं. दोन महिन्यांनी एक जाड पाकीट आलं, त्यात नकाशे आणि एका रेंजरचा चार ओळींचा आपुलकीचा मजकूर. रस्ता नाही, हॉटेल नाही. जुनो गावाहून बोटीने नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने यायचं, तंबू, जेवणखाण सगळं बरोबर आणायचं, अस्वलांपासून अन्न जपायचं, भरती-ओहोटी सांभाळायची.

श्रीरंगला मजा वाटली. त्याने नकाशा स्वतः भिंतीवर चिकटवला. रविवारी सकाळी कॉफी पिता पिता दोघं त्याच्यापुढे उभे राहायचे. "म्युर ग्लेशियरला आधी जाऊ," तो म्हणायचा. "नाही हो, तिथे बर्फ सतत कोसळतोय, बोट जवळ नेता येत नाही. आधी रीड," ती म्हणायची. भरतीच्या वेळी उपसागराच्या अरुंद तोंडातून पाणी कसं घुसत असेल ते तो कागदावर आकृती काढून समजावायचा. लग्नानंतरचं ते सगळ्यात गोड वर्ष. सुलेखाला पुढे कितीही राग आला तरी हे वर्ष तिला खोटं ठरवता येईना, आणि त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा.

तयारीत ती पक्की होती. पोहता येत नव्हतं, म्हणून म्युनिसिपालिटीच्या तलावात जर्मन शाळकरी पोरींच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकली. पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय व्हावी म्हणून रविवारी हेरेनआल्बच्या गाडीने ब्लॅक फॉरेस्टमध्ये जाऊ लागली. सुरुवातीला श्रीरंग बरोबर यायचा. मग त्याची कामं वाढली आणि फ्राऊ झाउटर यायला लागल्या. एका मार्च महिन्यात दोघी बायका बर्फात तंबू ठोकून राहिल्या. पहाटे पाण्याची बाटली गोठलेली होती आणि फ्राऊ झाउटर कुडकुडत म्हणाल्या, "फ्राऊ खांबेटे, तुम्ही वेड्या आहात. पुढच्या महिन्यात परत येऊ."

पोहे भाजून, सातूचं पीठ करून, मेतकूट डब्यात घट्ट बंद करून किती दिवस टिकतं ते तिने पाहून ठेवलं. बॉबलिंगेनहून श्रीरंगचा मित्र भास्कर आणि त्याची बायको सरला यायचे तेव्हा भास्कर चेष्टा करायचा, "वहिनी, अस्वल मेतकुटाच्या वासाने आलं तर?" सगळे हसायचे. सुलेखा हसायची नाही. ती त्याला समजावून सांगायची, अन्न कुठे ठेवायचं, वारा कुठून येतो ते. सरला जांभई द्यायची. खरं तर त्या दिवसांत सुलेखाशी बोलणं सोपं नव्हतं. कुणी इटलीला जाऊन आलं की ती म्हणायची, "इटलीला काय, सगळेच जातात." लोकांच्या मनात हे राहिलं.

साठ साली सुधा झाली. बेत पुढे ढकलला, ते साहजिकच होतं. श्रीरंगची डॉक्टरेट रेंगाळली, तेही समजण्यासारखं होतं. बासष्ट साली ती मिळाली, त्याच इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली आणि गल्लीतल्या बायका, नवऱ्याची पदवी बायकोला लावायच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे, सुलेखाला 'फ्राऊ डॉक्टर' म्हणायला लागल्या. बेकरीत पहिल्यांदा तशी हाक आली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, कुणी दुसरं उभं आहे का ते.

शेवटी चौसष्ट सालचा जुलै ठरला. फ्राऊ झाउटर तीन आठवडे सुधाला सांभाळणार होत्या. श्रीरंगने उर्लाउब, म्हणजे रजा, मागून घेतली होती. आणि मार्चअखेरीस अलास्कात भयंकर भूकंप झाला.

"आता राहू दे," श्रीरंग रेडिओ बंद करत म्हणाला.

"अहो, भूकंप झालाय तो पाचशे मैल लांब. ग्लेशियर बेला काही झालेलं नाही, मी रेंजरना विचारते."

"लोक काय म्हणतील? भूकंपाच्या मुलखात बायकोला घेऊन गेला?"

"कोण लोक?"

"सुलेखा, मला हुज्जत नकोय. पुढच्या वर्षी जाऊ. अगदी नक्की."

तेव्हाच तिच्या लक्षात आलं की तो सुटल्यासारखा दिसतोय. त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं. पण 'पुढच्या वर्षी' म्हणाला होता, आणि तिने तेच धरून ठेवलं.

पासष्टच्या उन्हाळ्यात त्याला सिअॅटलच्या एका परिषदेचं बोलावणं आलं. त्याच सतराशे फुटांच्या लाटेवर बोलायचं होतं; त्याने हौदात तिचा नमुना करून दाखवला होता. सुलेखाने नकाशाकडे पाहिलं. जर्मनीच्या मानाने सिअॅटलहून जुनो म्हणजे हाकेच्या अंतरावर.

"मी येऊ? परिषद संपली की तिथूनच..."

"कामाला चाललोय गं, सहलीला नाही. चार दिवस भाषणं, की परत. नुसती दगदग. तू आलीस की तुझ्याकडे बघू का कामाकडे?"

तिने त्याची बॅग भरली. त्याने जाड स्वेटर मागितला. ऑगस्टात सिअॅटलला स्वेटर कशाला, असं तिच्या मनात आलं खरं. पण परक्या देशात थंडी असेल, असं म्हणून तिने तो घडी करून ठेवला.

आठवड्याचे तीन आठवडे झाले. 'काम वाढलंय' एवढी एक तार. तो परत आला तेव्हा नाकाचं सालपट निघालेलं, दाढी वाढलेली आणि डोळ्यांत पोरासारखी चमक. सुधाच्या हातात सील प्राण्याचं एक लाकडी खेळणं दिलं आणि टेबलाशी बसता बसता म्हणाला,

"सुलेखा, मी बघून आलो!"

तिला कळेना. "काय?"

"ग्लेशियर बे! तिथल्या एका प्रोफेसरांची स्वतःची बोट आहे. म्हणाले, चला. आता असा माणूस समोरून म्हणतोय, नाही कसं म्हणणार? अगं, काय सांगू तुला! तू म्हणायचीस ना, आधी रीड. अगदी बरोबर. मी त्यांना तेच सांगितलं आणि ते म्हणाले, तुम्हाला कसं ठाऊक?"

सुलेखा उभी होती. हातात आमटीची वाटी होती ती तिने खाली ठेवली.

"तार करायची होती."

"केली की."

"काम वाढलंय म्हणून केलीत. तिकडे जातोय, असं नाही कळवलंत."

"कळवून काय केलं असतंस? उडून आली असतीस?"

"मला माहीत असतं."

श्रीरंगला हे खरोखरच समजलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, पोरीवर जीव टाकायचा. त्याला वाटलं होतं, ती ऐकून हरखून जाईल. ती विचारेल आणि तो सांगत बसेल. त्याच्या मनात तो बेत दोघांचा होता आणि दोघांपैकी एकाने तो पुरा केला म्हणजे झालाच होता. सुलेखाने काही विचारलं नाही. तिने आमटी वाढली आणि आत जाऊन सुधाचे कपडे बदलायला लागली.

ऑक्टोबरात श्रीरंगने रंगीत स्लाइड दाखवायला लोकांना बोलावलं. जर्मन लोक सुट्टीहून आले की करतात तसा डीया-आबेंड. भास्कर-सरला आले. इन्स्टिट्यूटमध्ये नुकताच आलेला विनय नावाचा पुण्याचा मुलगा आला. फ्राऊ झाउटर खालून खुर्ची घेऊन वर आल्या. समोरच्या भिंतीवर चादर लावायची म्हणून श्रीरंगने तिथला नकाशा काढून गुंडाळून कपाटावर टाकला. सुलेखाने बटाटेवडे तळले, चहा केला आणि मग प्रोजेक्टरशी बसली, कारण श्रीरंगला चादरीजवळ उभं राहून बोलायचं होतं.

अंधारात एकेक चित्र उमटू लागलं. दाट जंगल. मग ठेंगणी झाडं. मग उघडा दगड. सगळं त्याच क्रमाने, जसं तिने त्या वाचनालयात वाकून वाचलं होतं. पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे, त्यावर पसरलेले सील. मग ती भिंत. मासिकातल्या फोटोंत कधी आला नव्हता असा निळा रंग, आतून दिवा लावल्यासारखा. एक क्षण सुलेखा सगळं विसरून नुसती बघत राहिली, आणि मग चित्राच्या कोपऱ्यात तिला तिने घडी करून दिलेला स्वेटर दिसला, श्रीरंगच्या अंगात.

"काय जबरदस्त आहे हो!" विनय म्हणाला.

"आणि आवाज!" श्रीरंग रंगात आला होता. "बर्फ कोसळतो तेव्हा तोफ डागल्यासारखा आवाज. आल्झो, म्हणजे बघा, आधी कडा फुटताना दिसतो आणि आवाज मागून येतो."

सरलाने अंधारातच विचारलं, "मग वहिनी कशा नाही गेल्या? त्यांनाच तर एवढं वेड होतं."

"छे, तिला कुठली तिथली थंडी सोसायला!" श्रीरंग सहज म्हणाला. "शिवाय सुधा लहान. पुढचं लाव गं."

सुलेखाने पुढचं लावलं नाही.

"सुलेखा, पुढचं."

"मला थंडी सोसते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "मला कुणी विचारलंच नाही."

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. एकच स्लाइड फार वेळ दिव्यापुढे राहिल्याने तापून फुगली आणि चादरीवरचा निळा कडा धूसर होऊन वाकडा झाला.

"वास हाट झी गेझाग्ट?" फ्राऊ झाउटरनी विनयला हळूच विचारलं. काय म्हणाल्या त्या?

विनय गोंधळला. "काही नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला, "मशीन अडकलंय."

फ्राऊ झाउटरनी सुलेखाकडे पाहिलं, उठल्या आणि त्यांनी दिवा लावला. भास्कर म्हणाला, "चला, आम्हाला बॉबलिंगेन गाठायचंय." वडे तसेच राहिले.

पाहुणे गेल्यावर श्रीरंग एवढंच म्हणाला, "चारचौघांत माझी अब्रू घेतलीस." त्यानंतर तो कितीतरी दिवस कामापुरतं बोलायचा. सुलेखा वाट पाहत होती. त्याने एकदा म्हणावं, चुकलं माझं, तुला कळवायला हवं होतं. ती तेवढ्यावरही भागवणार होती. तो म्हणाला नाही. त्याच्या हिशेबी बिनसवलं होतं ते तिने, त्याने नाही.

वसंत आला तसा तो निवळला. एका रविवारी कॉफी घेताना एक चकचकीत माहितीपत्रक तिच्यापुढे सरकवलं. ग्लेशियर बेच्या तोंडाशी आता सरकारी लॉज उघडणार होतं. पलंग, गरम पाणी, सगळं. रोज सकाळी मोठी बोट लोकांना बर्फापर्यंत नेऊन संध्याकाळी परत आणणार होती.

"चल, यंदा जाऊ. तंबूबिंबूची कटकट नाही. मी तुला सगळं दाखवतो, कुठे काय आहे ते मला आता माहीत आहे."

सुलेखाने पत्रक उलटसुलट करून पाहिलं. त्याला खरंच न्यायचं होतं, हे तिला दिसत होतं. हो म्हटलं असतं तर जुलैत ती त्या बोटीवर उभी असती आणि तो शेजारी उभा राहून बोट दाखवत असता: हे म्युर, हे रीड. आठ वर्षं तिने ज्या वाटेची एकेक खूण स्वतः जमवली होती, त्या वाटेने तिला पाहुणी म्हणून नेलं जाणार होतं. आणि डेकवर कुणी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, मी आधी येऊन गेलोय.

"नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"तुम्ही दाखवलेलं मला बघायचं नाही."

"मग एकटी जा!" तो खुर्ची मागे सारून उठला.

एकटी जायचा विचार तिने केला नव्हता असं नाही. फ्राऊ झाउटर तर बरोबर यायला तयार होत्या. पण पत्रक हातात घेऊन ती एका दुपारी बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आतून काही हलत नाहीये. बर्फ, भिंत, सील, सगळं कुणीतरी वापरून परत आणून ठेवलेल्या वस्तूसारखं झालं होतं. तिने स्वतःवर जबरदस्ती करून पाहिली, जुनी मासिकं काढून पाहिली. काही उपयोग झाला नाही. ती त्या दिवशी रडली, ते श्रीरंगसाठी नव्हे.

श्रीरंगने मात्र ही गोष्ट जो भेटेल त्याला सांगितली. कांगावा म्हणून नव्हे, खरी म्हणूनच. आणि होतीही खरी. "मी न्यायला तयार होतो, लॉजचं माहितीपत्रकसुद्धा आणलं होतं. तीच नको म्हणाली." त्या वर्षी दिवाळीला बॉबलिंगेनला जमले तेव्हा सरला स्वयंपाकघरात पुऱ्या लाटता लाटता म्हणाली,

"वहिनी, रागावू नका, पण एवढं ताणायचं नसतं. नवरा आपण होऊन म्हणतोय, तर जायचं होतं की. आमच्या ह्यांनी मला कधी स्वित्झर्लंडला नेलं नाही."

सुलेखाने तिच्याकडे पाहिलं. सांगायला गेलं तर कुठून सुरुवात करायची? जमिनीवर पालथं पडून नकाशा बघितला तिथून? सरला वाईट म्हणत नव्हती. सगळ्यांच्या लेखी हिशोब पुरा झाला होता: नवऱ्याने एक चूक केली, नवऱ्याने ती भरून द्यायला पाहिली, बायको आडमुठी निघाली.

"तेल तापलंय," सुलेखा म्हणाली, आणि पुरी सोडली.

सदुसष्टमध्ये तिने एका छोट्या नकाशे छापणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. पायी भटकणाऱ्यांसाठी तिथे नकाशे निघायचे आणि पारदर्शक कागदावर किनारे, वाटा, उंचीच्या रेषा हाताने काढाव्या लागायच्या. श्रीरंगने विरोध केला नाही, कौतुकही केलं नाही. उन्हाळ्यात त्याने नॉर्वेचा बेत काढला. तिघांनी जायचं, जहाजाने किनाऱ्याकिनाऱ्याने, तिकडेही समुद्रापर्यंत आलेला बर्फ आहे म्हणे. "बघू," सुलेखा म्हणाली. तो दर आठवड्याला विचारत राहिला आणि ती दर आठवड्याला "बघू" म्हणत राहिली. शेवटी त्याने दोनच तिकिटं काढली.

जुलैच्या एका सकाळी ती दोघांना स्टेशनवर पोचवायला गेली. हाम्बुर्गची गाडी लागलेली होती. श्रीरंगने बॅगा वर चढवल्या आणि खिडकीची काच खाली केली. सात वर्षांची सुधा खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"कॉम्स्ट डू निश्ट मिट, आई?" तू नाही येत?

"मला काम आहे, राजा. बाबांचं ऐक."

श्रीरंग काहीतरी बोलायला वाकला. "अजून..." तो म्हणाला आणि थांबला. मागच्या डब्यातून शिट्टी झाली. "दुधवाल्याला सांगितलंस ना?"

"सांगितलंय."

गाडी हलली. सुधा हात हलवत राहिली, सुलेखानेही हात हलवला. मग ती बाहेर येऊन ट्राममध्ये बसली आणि वेळेवर कामावर पोचली. टेबलावर बोडनझे सरोवराच्या उत्तर किनाऱ्याचा कागद पिनांनी ताणून ठेवलेला होता. तिने पेन शाईत बुडवलं आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही.